तारीख रिकामी सोडा, बाकी मावशी बघेल

इंजिनिअरिंग एकदाचं उरकलं, सुपर कॉरिडॉरवरच्या काचेच्या इमारतीत नाही तर विजयनगरात कुणाच्या तरी दुसऱ्या मजल्यावर चिकटलात, घरी पेढे वाटून झाले. अभिनंदन. आता सॉफ्टवेअर कसं करतात ते शिकायला हवं, आणि कॉलेजात शिकलात ते काही कामाचं नाही. मी स्वतः या धंद्यात बावीस वर्षं घासली. पण गेल्या आठवड्यात मावशीबरोबर एका पतसंस्थेच्या (आपल्या इंदूरच्या सरकारी बोलीत साख सहकारी संस्था) काउंटरपुढे अडीच तास उभा होतो, तिथं माझे डोळे उघडले. त्या संस्थेचं नवं सॉफ्टवेअर ज्यांनी केलंय त्यांची वाट हीच खरी वाट. तुम्हीही तीच धरा.

सुरुवात गरजा समजून घेण्यापासून होते असं पुस्तकात असतं. म्हणजे जो वापरणार त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, तो काय करतो ते बघायचं, लिहून काढायचं, त्याला वाचून दाखवायचं. केवढा वेळ जातो! त्यापेक्षा अध्यक्षांना भेटा. अध्यक्ष महिन्यातून एकदा येतात, पोहे-जिलेबी खातात, सह्या करतात, तेव्हा सगळं त्यांनाच ठाऊक असणार. या संस्थेत एक खातेवहीवाले काका आहेत, एकतीस वर्षं एकाच खुर्चीत. कुठल्या आजींचं खातं अजून माहेरच्या नावानं आहे, कुठली ठेव नवरा-बायकोची असून दोघांपैकी कुणाचीही सही चालते, वहीत दिवस आधी लिहितात की महिना, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना कुणी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी मात्र 'ट्रेनिंग'ला बसवलं. तेवीस वर्षांच्या मुलानं त्यांना मुदत ठेव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काकांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

डिझाइन फळ्यावर काढा, मोबाइलनं फोटो घ्या, फळा पुसा.

मग येते पद्धत. परीक्षेत वॉटरफॉल लिहा: गरजा, आराखडा, कोड, चाचणी, बसवणं, देखभाल, आपला पातालपाणीचा धबधबाच, वरून खाली. तुमच्या गाइडमधल्या या चित्राचं मूळ विन्स्टन रॉइस नावाच्या माणसाच्या १९७० सालच्या लेखात आहे. गंमत म्हणजे त्यानंच तिथं लिहून ठेवलंय की नुसतं एवढंच कराल तर धोका आहे, अपयशाला आवतण आहे, कारण चाचणी पार शेवटी येते आणि तिथं काही निघालं की सगळं पुन्हा वरपर्यंत चढावं लागतं. 'वॉटरफॉल' हा शब्दसुद्धा त्या लेखात नाही. पण मजकूर कोण वाचतो? चित्राला मार्क आहेत.

मुलाखतीत मात्र 'आम्ही अजाइल' म्हणायचं, म्हणजे थोडं थोडं करून, दाखवत, सुधारत जाणारे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटाच्या डोंगरात सतरा जण जमले आणि त्यांनी या अजाइलचा छोटासा जाहीरनामा काढला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर आम्हाला जास्त मोलाचं, असं त्यात आहे. कागदपत्रांनाही मोल आहेच, असंही आहे. तुम्ही त्यातलं 'कागदपत्रं नकोत' एवढं उचला. 'चालणारं' पुढच्या खेपेला बघू. रोज सकाळी पंधरा मिनिटं गोल करून उभं राहायचं, काल काय केलं ते सांगायचं आणि आज तेच करायचं.

कोड नवा लिहू नका. घरात शिळी पोळी असताना कणीक कोण मळतं? या मंडळींनी एका कापड दुकानाचं बिलिंग आधी केलं होतं, तेच घासूनपुसून पतसंस्थेला दिलं. मावशीच्या ठेवपावतीवर तळाशी बारीक अक्षरांत छापून आलंय, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. मी दोनदा वाचलं. एफडीच्या पावतीवर! आणि यात लाजण्यासारखं काही नाही, मोठमोठ्यांनी केलंय. युरोपच्या एरियान ५ या रॉकेटात एरियान ४ चा तुकडा जसाच्या तसा घातला होता. नव्या रॉकेटाचा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या डब्यात मावेना. ४ जून १९९६ ला रॉकेट उडालं आणि चाळीसेक सेकंदांत त्याचे तुकडे झाले. जुन्या रॉकेटात तो कोड अगदी बरोबर होता. कापड दुकानातही असेल.

आता चाचणी. इथं जरा थांबू, कारण माझे अडीच तास इथंच गेले.

मावशीला एसएमएस आला: 'आपकी एफडी दिनांक ०१/०१/१९७० प्रातः ५:३० बजे परिपक्व हो चुकी है.' मावशी म्हणाली, पहाटेचा मुहूर्त कुणी काढला? १९७० साली तिचं लग्न व्हायचं होतं आणि ही संस्था कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ठेव तिनं ठेवली ५ जून २०२३ ला, १,१११ दिवसांसाठी, दोन लाख, साधं व्याज आठ टक्के. मुदत संपते २० जून २०२६ ला. हे सगळं काकांच्या अक्षरात जुन्या पावतीवर आहे. जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतताना यांनी धरून चाललं की अमेरिकेसारखा महिना आधी असतो. २०/०६ म्हणजे विसाव्या महिन्याची सहा तारीख. विसावा महिना मिळेना, म्हणून तारीख रिकामी ठेवली. रिकामं म्हणजे शून्य. आणि पुष्कळशा संगणकांचं शून्य, भिया, १ जानेवारी १९७० पासून मोजलं जातं, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. झाला पहाटेचा मुहूर्त!

बरं, एवढ्यावर भागलं नाही. सॉफ्टवेअरनं ठेव ठेवल्याच्या दिवसापासून मुदत संपल्याच्या दिवसापर्यंत व्याज काढलं. २०२३ पासून १९७० पर्यंत. त्रेपन्न वर्षं, उलटी. वर्षाला सोळा हजार, म्हणजे उणे साडेआठ लाख, त्यात मुद्दल दोन लाख मिळवा. मावशीचंच संस्थेला साडेसहा लाखांच्या वर देणं निघालं. शहात्तर वर्षांची बाई काउंटरवर पावती घेऊन उभी आणि आतला मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणतो, 'आंटीजी, सिस्टम में तो यही आ रहा है.'

यांनी चाचणी केलीच नव्हती असं समजू नका. काका सांगत होते, डेमोच्या दिवशी अध्यक्षांच्या नावानं ठेव काढून दाखवली होती. तारीख कुठली टाकली? १ जानेवारी. दिवस आधी वाचा की महिना आधी, ०१/०१ ते ०१/०१. टाळ्या पडल्या, कचोऱ्या आल्या. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी अशा बारा आहेत ज्या कशाही वाचल्या तरी बरोबर येतात, आणि या पठ्ठ्यांनी नेमकी त्यातली एक उचलली. एक पंचवीस तारीख टाकून बघायची होती! एक रकाना रिकामा सोडून बघायचा होता! पाच मिनिटं लागली असती, पाच! डायक्स्ट्रा नावाचा संगणकशास्त्रज्ञ म्हणून गेला की चाचणीनं चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे कधीच सिद्ध करता येत नाही. मग यांना वाटलं असेल, सिद्ध होणारच नाही तर बघायचं कशाला.

आणि खोट्या नोंदी खऱ्या नोंदींतच राहू द्या. हे गाव २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, इथली चार वर्षांची पोर ओला कचरा कुठल्या डब्यात आणि सुका कुठल्या हे सांगते. पण त्या संस्थेच्या ठेवीदारांच्या यादीत अजून 'टेस्ट कुमार टेस्ट' नावाचा सभासद आहे, आणि परवाच्या वार्षिक सभेची नोटीस त्यालाही गेली.

नवी प्रणाली सुरू करायला मुहूर्त अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळचा. मिलांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघालेल्या, राजवाड्याकडचे रस्ते बंद, फोन कुणी उचलत नाही. जुना संगणक त्याच दिवशी कबाड्याला द्यावा, म्हणजे मागे फिरायची सोयच उरत नाही.

काम रखडलं तर माणसं वाढवा. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पात हात पोळून घेतलेल्या फ्रेड ब्रूक्सनं १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो; नव्याला शिकवण्यात जुन्याचा दिवस जातो. हे त्याला बिचाऱ्याला वाटायचं. यांनी चार मुलं पाठवली. चौघंही एकाच स्क्रीनसमोर उभे होते.

देखभालीसाठी व्हॉट्सअॅप ग्रुप पुरे. तक्रार आली की अंगठा दाखवा.

मावशी तोपर्यंत बाकावर बसली होती. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोटभर प्याली आणि मला हळूच विचारलं, 'अरे, माझ्याकडून कुठं चुकीची सही झाली का?'

इथवर मी गमतीत लिहीत होतो. आता नाही लिहवत.

तिचं काय चुकलं? दोन लाख नवऱ्याच्या फंडातले, दूधवाल्याच्या हिशेबातून वाचवून त्यात भर घातलेली, आणि तुम्ही तिला कर्जबाजारी करून ठेवलंत. आणि वर 'सिस्टम में यही आ रहा है'. सिस्टम म्हणजे काय पाऊस आहे का, आभाळातून पडायला? ती तुम्ही लिहिलीत. तुमच्यातल्या कुणीतरी महिना आधी धरला, कुणीतरी तारीख नसेल तर काय करायचं हे ठरवायचा कंटाळा केला, कुणीतरी उणे आलेलं व्याज बघूनही पुढचं बटण दाबलं. व्याज उणे कसं येईल, हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडतो! १९६८ साली जर्मनीत गार्मिशला लोक जमले, 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव तिथून पुढं रूढ झालं, ते याचसाठी की पूल बांधणारा जसा आधी जमीन बघतो, वजन मोजतो, तसं या कामातही कुणीतरी करावं. तुम्ही नावापुढे इंजिनिअर लावता. पूल कोसळला तर इंजिनिअरला धरतात. तुमचा कोसळला की तुम्ही म्हातारीला म्हणता, ओरिजिनल घेऊन या, आधार घेऊन या, सोमवारी या. लाज वाटू द्या जरा. पाच मिनिटं काकांजवळ बसला असतात तर त्यांनी सांगितलं असतं, पोरा, आपल्याकडे दिवस आधी असतो.

शेवटी काकाच उठले. मागच्या कपाटातून २०२३ ची वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि ओळ दाखवली. 'पाच जून, सोमवार. यांच्याबरोबर यांची नात होती.' व्यवस्थापकांनी वहीचा फोटो घेतला आणि मावशीची तारीख हातानं दुरुस्त करून दिली.

मी स्क्रीनवर वाकून बघितलं. मुदत संपण्याची तारीख आता बरोबर होती. ठेव ठेवल्याची तारीख होती ६ मे. मी व्यवस्थापकांना म्हटलं, वर्षातल्या २२१ तारखा फुटल्या, त्या तुम्हाला दिसतायत. ज्यांचा दिवस बारापर्यंत आहे पण महिन्याइतकाच नाही अशा १३२ तारखा गुपचूप उलट्या झाल्यात, ५ जूनची ६ मे, ३ एप्रिलची ४ मार्च. कुणाचं व्याज जास्त जाणार, कुणाचं बुडणार. सगळ्या ठेवी वहीशी ताडून बघा.

ते म्हणाले, 'उनकी तो कोई कम्प्लेंट नहीं आई, सर.'