दंतकथा म्हणून हिणवू नका

आज एका परिचितांनी बोलता बोलता निकाल देऊन टाकला. "लढवय्या राण्या वगैरे सगळ्या दंतकथा हो, साम्राज्यांना त्यांनी काय फरक पडला?" तिथे वाद नको म्हणून गप्प बसले. पण राग जाईना, म्हणून इथे लिहितेय.

मग इ.स.पू. ३२५ मध्ये अलेक्झांडर आजच्या पाकिस्तान-इराणमधल्या मकरानच्या वाळवंटात कशाला शिरला? अलेक्झांडरचा आरमारप्रमुख नियार्कस याच्या हवाल्याने इतिहासकार एरियन सांगतो, की दंतकथांमधली सेमिरामिस राणी तिथून जेमतेम वीस माणसांनिशी सुटली होती आणि इराणी सम्राट सायरस सात. त्या दोघांवर कडी करायची म्हणून हा फौज घेऊन गेला! आरमाराला रसद पोचवायची होती, हेही कारण असेल. सेमिरामिसला पारव्यांनी वाढवलं वगैरे रचलेलं आहे, मान्य. पण तिच्यामागे आजच्या इराकमधल्या प्राचीन अ‍ॅसिरियाची खरीखुरी राणी शम्मुरामत उभी आहे आणि ती मुलासोबत युफ्रेटिस ओलांडून गेल्याचं दगडावर कोरलेलं आहे. शिवाय कथा रचलेली असली तरी वाळवंटात तहानेने मेलेले सैनिक खरे होते ना?

लेकीला घेऊन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले होते. तिथे रोमन सम्राट ऑगस्टसचं ब्राँझचं शिर आहे, डोळे अगदी जिवंत. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कुश राज्याच्या फौजेने रोमच्या ताब्यातल्या इजिप्तवर धाड घातली तेव्हाची ही लूट. १९१० मध्ये सुदानमधल्या मेरोईत देवळाच्या पायरीखाली सापडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने सम्राटाला तुडवावं म्हणून पुरलेलं! लेकीने विचारलं, "हे कुणी केलं?" म्हटलं, एका डोळ्याच्या राणीच्या लोकांनी. त्या राणीला प्राचीन ग्रीक लेखक स्ट्रॅबो कँडेसी म्हणतो, आज आपण अमानिरेनस म्हणतो. शेवटी तिच्या वकिलांशी तह करताना ऑगस्टसने खंडणी माफ केली. लेकीचा पुढचा प्रश्न, "मग तिचा पुतळा कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

पुतळा दिसला तो प्राचीन ब्रिटनमधल्या बुडिका राणीचा, वेस्टमिन्स्टर पुलाजवळ. रथात ती आणि तिच्या दोन मुली. रोमनांनी तिला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले, म्हणून इ.स. ६०-६१ मध्ये तिने लंडन जाळलं. आणि १९०२ मध्ये तिचा पुतळा उभारणाऱ्यांनी खाली काय कोरलं? सीझरला ठाऊक नसलेल्या प्रदेशांवर तुझे वंशज राज्य करतील! रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेल्या बाईला ब्रिटिश साम्राज्याची आई करून टाकलं. ही चोरी आहे. पण त्या कथेत दम नसता तर चोरायची गरजच का पडली असती? लेकीचा प्रश्न म्हणूनच डोक्यातून जात नाही. जिची कथा साम्राज्याला वापरता येते तिला पुतळा, बाकीच्यांना काय?

जरा शांत झाल्यावर व्हिएतनामच्या ट्रुंग बहिणी आठवल्या. इ.स. ४० मध्ये त्यांनी चीनच्या हान घराण्याची सत्ता उलथवली, ४३ मध्ये चिनी सेनापती मा युआनने त्यांना हरवलं. त्यानंतर कित्येक शतकं चिनी अंमल राहिला, तरी लोकांनी त्यांना सोडलं नाही. आजही त्यांची देवळं आहेत, हनोईतला एक अख्खा भाग त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिथे त्यांची कथा कुणा साम्राज्याला बळकावता आली नाही, याचा मला फार आनंद आहे.