खोटी धावणारी मोजपट्टी

काल सकाळी नऊपासून मी स्क्रीनवरच्या एका लाल अष्टकोनाकडे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या 'नापास'कडे, बघत बसले होते. बाकी सगळं झालं होतं. मानकुराद आंब्याची पानं वाटून डीएनए काढला, पीसीआर केला (म्हणजे हव्या त्या तुकड्यांच्या भरपूर प्रती काढल्या), मशीनमधून तुकडे धावूनही आले. कोणता तुकडा किती लांब आणि कोणतं अलील, म्हणजे डीएनएवरच्या त्या जागेचं कोणतं रूप, एवढंच सॉफ्टवेअरला शिकवायचं होतं. सरांच्या भाषेत, "एका क्लिकचं काम."

तो क्लिक सर स्वतः कधी करत नाहीत.

माणसाच्या तपासणीला किट आयतं मिळतं, अलीलांच्या नावांसकट. आंब्याला कोण विचारतो? मार्करचं (म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या जागेचं) नाव, रंग, कुठून कुठपर्यंत बघायचं, सगळं आपण भरायचं. मग प्रत्येक अलीलाला एक कप्पा. तुकडा डीएनएची १५२ अक्षरं असा गुणी मुलासारखा येत नाही, १५१.६४ येतो. त्याला कुठल्या कप्प्यात कोंबायचं, हे ठरवायला कंत्राटी कर्मचारी.

जेवणाच्या सुट्टीत झाडाचे मालक टपकले. भाटकार काका. आपलं झाड अस्सल मानकुराद, हे त्यांना कागदावर हवं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "कितें बाय, जालें?"

"नाही हो काका, लाल येतंय."

"तांबडें कित्याक? आमचो आंबो हळदुवो."

मानकुराद हे नावच मुळी पोर्तुगीज 'माल कोरादो'वरून आलं म्हणतात. म्हणजे रंगाने फसलेला. पण ते मी गिळलं. म्हटलं, काका, प्रत्येक नमुन्यात माहीत असलेल्या मापांच्या तुकड्यांची एक मोजपट्टी मिसळतात. नारिंगी रंगाचे १६ तुकडे, ३५ पासून ५०० पर्यंत. आधी ती जुळायला हवी, मग तुमचा आंबा.

"म्हणजे तुमची फूटपट्टीच वांकडी?"

वाकडीच! तिच्यातला २५० चा तुकडा खोटा धावतो, आपल्या मापापेक्षा लहान असल्यासारखा. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मोजताना त्याला धरतच नाहीत.

काकांचे डोळे चमकले. "मग तो घालतात कित्याक?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

"आमच्या वाड्यावर असोच एक आसा," काका सरसावले. "जमिनीची मोजणी आली की मेर दाखवायला हजर. दर वेळी दगड दोन हात अलीकडे दाखवतो. मोजणीवाल्याला माहीत, आम्हांला माहीत. तरी बोलावतो. नाही बोलावला तर रुसतो, आणि रुसला की चतुर्थीला आरतीला येत नाही. मोठा आवाज त्याचाच!" मग त्या माणसाची दोन लग्नं, एक कोर्टकेस आणि विहिरीत पडलेली म्हैस असं सगळं झालं. अर्धा तास. माझी भाजी थंड. शेवटी माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले, "ताका विचारूं नाका. बोलवायचा, चहा द्यायचा, विचारायचा नाही."

मी यादी उघडली. मोजपट्टीची दोन नावं एकाखाली एक, जुळ्या भावांसारखी. एका नावात कंसात उणे २५०, दुसऱ्यात तो कंस नाही. मी बिनकंसाची निवडली होती. सकाळपासून मी त्या खोटारड्यालाच साक्षीला उभं करत होते! कंस निवडला, पुन्हा विश्लेषण चालवलं, हिरवा चौकोन. पास!

कुणालाच धरायचा नसलेला तुकडा धरणारी नोंद त्या यादीत ठेवतात तरी कशाला? पाच तास गेले माझे. ते पगारात दिसणार नाहीत, अहवालात तर नाहीच.

एका मार्करवर काकांचा आंबा एका अक्षराने लांब निघाला, तेव्हा पोटात गोळा आला. पण पीसीआरचं एन्झाइम तुकड्याच्या शेवटी एक फुकटचं 'ए' चिकटवतं, कधी चिकटवतं कधी नाही, त्यातली ती भानगड. शेजारी त्याचा 'ए' नसलेला खरा जोडीदार दिसत होता. बाकी सगळं आमच्या संदर्भ झाडाशी जुळलं. प्रिंट काढून काकांपुढे धरला.

त्यांनी आलेखातल्या शिखरांवरून बोट फिरवलं. कागद उलटा करून बघितला. परत सुलटा.

"शिक्को खंय?"

"शिक्का नसतो, काका."

"वाटोळो शिक्को ना?" त्यांनी कागदाची चार घड्यांची पुडी केली, खिशात कोंबली आणि दारातूनच म्हणाले, "मग तुम्ही सकाळसून केलें तरी कितें?"