घायपाताला इरलं

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा गावात मला मेक्सिकोतला अगेव्ह, एचेव्हेरिया आणि आफ्रिकेतली हावर्थिया अशी कोरड्या मुलखातली, जाड पानांत पाणी साठवणारी झाडं लावायची हौस आहे. घरात ही हौस माझी एकट्याचीच.

अगेव्ह आणला त्या दिवशी शेजारचे काका गडग्यावरून वाकून म्हणाले, "अरे, हे तर घायपात! आमच्या सड्यावर कुंपणाला आहे. पूर्वी दोरखंड वळायचे त्याचे. केवढ्याला पडलं?" मी विषय आंब्यावर नेला.

ऊन, तहान, उनाड गुरं, सगळं ही झाडं सोसतात. माझ्या आईची माया मात्र त्यांना सोसत नाही. दारात आलेल्याला आधी पाणी, ही तिची रीत. त्यात झाडांना सवलत नाही. मी कामावर गेलो की कुंड्यांत तांदळाचं धुवण पडतं. एचेव्हेरियाची पानं फुगून पारदर्शक झाली, तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "बघ, कशी अंगाला लागली!" मी बोट लावलं, तर पान अलगद हातात आलं. कुंडीतली मुळं कुजून काळी पडली होती.

ही झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून पाणी वाचतं, हे मी आईला समजावून सांगितलं. तेव्हापासून ती रात्री पाणी घालते.

जूनमध्ये वाळूत चिऱ्याची खडी मिसळून कुंड्या पडवीच्या कडेला मांडल्या, तर वरून पागोळ्या. ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने काकांच्या माडावर नेऊन ठेवली. शेवटी बाबांनी माळ्यावरचं जुनं इरलं, पावसात शेतात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, काढून अगेव्हवर घातलं. दुपारी पोस्टमन गेटातूनच ओरडला, "आजी, पावसात कशाला बसलात?"

पानांच्या टोकांचे काटे पोरांना लागू नयेत म्हणून आईने प्रत्येकावर थर्माकोलची गोळी खोचली आहे. गणपतीच्या मखरातून उरलेल्या, चमकी लावलेल्या.

अगेव्ह पुष्कळ वर्षं थांबून एकदाच फुलतो, वीस-पंचवीस फुटी दांडा काढतो आणि मरतो, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे बारसं नि बारावं एकाच मांडवात!" तोवर बुंध्याशी पिल्लं फुटतच राहतात. ती आता पाहुण्यांच्या पिशव्यांतून जातात. परवा आत्या चप्पल न शोधता तशीच निघाली, तर आई गेटापर्यंत मागे, हातात पिल्लू आणि तोंडात सूचना: "रोज पाणी घाल हो!"