जुन्या कार्डांना रंग लावू नका

इंग्लंडमधल्या बाजारगावांच्या जुन्या फोटोंचे ग्रुप हल्ली फेसबुकवर चिकार झालेत. मी स्विंडनला राहते, त्यामुळे जवळच्या मार्लबरो गावाच्या हाय स्ट्रीटची, म्हणजे मुख्य बाजाररस्त्याची, टपालाने धाडायची जुनी चित्रकार्डं सारखी समोर येतात. त्यातली बरीचशी ॲपमधून रंगवून टाकलेली असतात आणि खाली कौतुकाचा पाऊस. मला ते बघवत नाही. का ते जरा सविस्तर लिहिते.

मार्लबरो हे लंडन-बाथ रस्त्यावरचं गाव. १२०४ साली जॉन राजाने इथे बाजार भरवायची सनद दिली आणि बुधवार-शनिवारचा बाजार आजही भरतो. गावाचा हा मुख्य रस्ता इतका ऐसपैस, की मधोमध बाजार मांडला तरी दोन्ही अंगांनी रहदारी चालू राहते. एका टोकाला सेंट पीटर्सचं चर्च, दुसऱ्या टोकाला १९०१-०२ मध्ये बांधलेला टाउन हॉल. कार्ड काढणाऱ्याला आयती चौकट!

आता या कार्डांमागचा धंदा बघा. फ्रान्सिस फ्रिथ या फोटोग्राफरने १८६० मध्ये इंग्लंडमधल्या रायगेटला कंपनी काढली, ब्रिटनमधल्या गावोगावचे फोटो काढून विकायचे म्हणून. १८९४ मध्ये टपालखात्याने खाजगी चित्रकार्डांना परवानगी दिली. १९०२ पासून मागच्या बाजूलाच पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहिता येऊ लागले, म्हणजे पुढची बाजू पूर्ण चित्राला मिळाली. कार्डाला टपालाचं तिकीट अर्ध्या पेनीचं, ते १९१८ पर्यंत. मग काय, कार्डांचा पूर आला. पण दुकानांच्या पाट्या बदलल्या की जुनं कार्ड शिळं दिसायचं, म्हणून फोटोग्राफर काही वर्षांनी पुन्हा त्याच रस्त्यावर येऊन उभा राहायचा. फ्रिथची कंपनी हे काम १९७० च्या आसपासपर्यंत करत राहिली. इतिहास जपायचा म्हणून कुणी हे केलं नाही. विक्रीसाठी केलं आणि त्यातूनच एकेका रस्त्याची शंभर वर्षांची हजेरी लागून राहिली. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आणि हजेरीपटात कुणी आपल्या मनाने खाडाखोड करत नाही.

त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर घेत आणि त्यातल्या बहुतेक प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल टपालपेटी फोटोत काळी येते, लाल विटांची भिंत आहे त्यापेक्षा गडद येते आणि निळं आकाश पांढरंफटक. ॲपला यातलं काही ठाऊक नसतं. ते काळ्याला काळं समजतं आणि उरलेल्याला मातकट तपकिरी फासतं. वर ‘फोटो स्पष्ट करून’ देताना पाट्यांवरची अक्षरं स्वतःच्या मनाने नव्याने घडवतं. फोटोतलं दुकान कुणाचं होतं हे सांगणारी पाटीच वाचता येईनाशी होते. मग उरलं काय?

माझ्याकडे त्या रस्त्याचं पहिल्या महायुद्धाच्या आधीचं एक कार्ड आहे, काळं-पांढरं. भिंग घेऊन बसलं की दुकानांवर ओढलेली कापडी छतं दिसतात, त्यांच्या सावलीत टोपली घेतलेला पोरगा. एक सायकल पेडल फुटपाथच्या कडेला टेकवून उभी केली आहे. खाटकाच्या दुकानाबाहेर अख्खे बकरे टांगलेत. एक मुलगा नेमका मान वळवताना टिपला गेलाय, त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट पट्टा. ॲपला दिलं तर त्या पट्ट्यावर नाक-डोळे येतील, कधीच नसलेल्या कुणाचे तरी.

कुणी म्हणेल, तेव्हाही रंगीत कार्डं होतीच की. होती. त्यातली पुष्कळशी जर्मनीत छापली जायची आणि रंग भरणाऱ्याने तो रस्ता कधी पाहिलेलाही नसायचा. पण ते रंग मागाहून भरलेत हे बघताक्षणी कळतं आणि तेव्हाच्या माणसाला काय विकत घ्यावंसं वाटत होतं तेही कळतं. आजच्या ॲपची करामत मात्र खऱ्या रंगीत फोटोसारखी दिसते. दोन-तीन शेअरनंतर मूळ कुठलं आणि रंगवलेलं कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक. घोडागाड्यांच्या कार्डावर लोक तुटून पडतात आणि १९५०-६० च्या दशकातली, मोटारींनी भरलेली कार्डं तशीच पडून राहतात. हे मला अजिबात पटत नाही. १९७१ मध्ये एम-फोर हा महामार्ग पूर्ण होईपर्यंत लंडन ते ब्रिस्टल रहदारी याच हाय स्ट्रीटमधून जायची. गावाने ती कशी सोसली, गाड्या कुठे लागायच्या, त्यांच्यामागे कुठली दुकानं तग धरून होती, याचा पुरावा त्या ‘कुरूप’ कार्डांतच आहे. शिवाय त्या पाट्यांवरची नावं आपल्या डोळ्यांदेखत चालली आहेत. वुलवर्थ ही गावोगावच्या दुकानांची साखळी इथे २००९ च्या जानेवारीत बंद झाली. पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ या दुकानांचं नाव तर २०२५ मध्ये बाजाररस्त्यांवरून उतरायला लागलं. ही पाटी शेकडो कार्डांत सापडते.

कार्डाची पाठही तितकीच महत्त्वाची. टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. फोटो त्याआधीचाच, हे तर नक्की होतंच. पण तिकिटं जमवणारे तिकीट पाण्यात भिजवून काढतात आणि त्याच्याबरोबर अर्धा शिक्काही जातो. मजकूर बहुधा साधाच असतो: पोचलो, पाऊस आहे, शनिवारी येते. काही जण खिडकीवर फुली मारून ‘मी इथे राहते’ असं लिहितात. ग्रुपवर मात्र पाठ कुणी टाकतच नाही.

आता इथल्या मराठी मंडळींना एक सांगायचं आहे. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आले आणि त्यातले अनेक जण लहान गावांतल्या इस्पितळांत होते. त्यांनी पुण्याला, सांगलीला, दादरला घरी कार्डं धाडली असतील, तर त्यांवर अशाच एखाद्या गावाचा बाजाररस्ता असायची बरीच शक्यता आहे, तोही नेमका त्या दुर्लक्षित काळातला. माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या बिस्किटांच्या डब्यात जरा बघा. तिकीट काढू नका, रंगवू नका. दोन्ही बाजू चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, घरच्यांचं खाजगी काही असेल तर तेवढं झाका आणि इथे कमेंटमध्ये टाका. गाव ओळखता येत नसेल तरी टाका, पाट्या वाचून आपण शोधून काढू.