बंद पंपाची दोन फूट माती काढून भागत नाही

सांगलीत एक मेसेज फिरतोय : 'जुन्या पेट्रोल पंपाची वरची दोन फूट माती काढा, जागा शुद्ध. उरलेलं पेट्रोल उडून जातं.' हे चुकीचं आहे. टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, गळती तिथूनच खाली उतरते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलावर तरंगत शेजारच्या विहिरीकडे सरकतं. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीही वाटच. पेट्रोलमधल्या बेंझीनने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम. टाकी काढून खड्ड्याच्या तळाची माती प्रयोगशाळेत तपासावीच लागते. मग ती उपसतात, किंवा हवा खेळवून मातीतल्या जिवाणूंकडून इंधन संपवतात. त्याला महिने लागतात. तपासणी होईपर्यंत त्या विहिरीचं पाणी कृपा करून पोरांना देऊ नका.