आतून काही येईना

रक्ताचे सगळे अहवाल निर्दोष आल्याचे दुःख फार थोड्यांच्या वाट्याला येत असावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांपैकी एकाने तरी किंचित घसरून माझी बाजू घ्यावी, एवढीच माझी माफक अपेक्षा होती; कारण श्रावण संपत आला, चवथ तोंडावर आली, तरी मी आपला ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून पागोळ्यांकडे पाहत होतो आणि हातून काडीचेही काम होत नव्हते. डॉक्टरांनी तपासून "तुम्हांला काहीही झालेले नाही" असे सांगितले, तेव्हा त्यांचा सूर मला आरोपपत्र वाचल्यासारखा वाटला. सौभाग्यवतीने मात्र तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे आता माटोळीची चौकट माळ्यावरून काढायला हरकत नाही."

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि जिला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, अंबाडे, कांगलां आणि रानातली आणखी कितीतरी फळे-फुले बांधतात, ती माटोळी. बांधलेली माटोळी डोळ्यांचे पारणे फेडते. न बांधलेली चौकट वर्षभर माळ्यावर पडून मनुष्याची परीक्षा पाहते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निदान काही भाग आमच्या माळ्यावर पडत असावा, अशी मला शंका आहे. पट्टा, चपला, शब्दकोशाची पाठ आणि त्या चौकटीची प्रत्येक पट्टी यांवर बुरशीची राखाडी लव धरते. ती पुसली की बोटांना भुकटी लागते, एक सणसणीत शिंक येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लव जागच्या जागी हजर असते. सातत्य, चिकाटी आणि ध्येयनिष्ठा हे गुण आमच्या घरात सध्या एकट्या बुरशीने टिकवून धरले आहेत.

पुण्याच्या मेहुण्याला मी फोनवर माझी अवस्था सांगितली. गोवा म्हणजे डिसेंबरातले चार दिवस, अशी ज्यांची समजूत असते त्यांपैकी तो असल्यामुळे "गोव्यात राहून माणूस थकतोच कसा?" असे त्याने आधी विचारले आणि मग "प्रेरणा ही आतूनच यावी लागते, भावजी" असा उपदेश करून फोन ठेवला. मी लगेच डोळे मिटून आत शोध घेतला. श्रावणात आमच्या घरी मासळी वर्ज्य असल्यामुळे थोडे खोल गेल्यावर पहिली भेट झाली ती बांगड्याच्या आठवणीशी आणि त्यापलीकडे झोप लागली. मात्र या शोधाचा एक फायदा माझ्या ध्यानात आला. नुसते पडून राहिले तर माणूस आळशी ठरतो. "आतून काही येत नाही" असे म्हणत पडून राहिले तर तोच माणूस चिंतनशील ठरतो आणि त्याला चहाही जागेवर मिळतो.

शिक्षकी पेशा असल्यामुळे मी विषयाचे वाचनही केले, कारण वाचन हे बसूनच करता येते. रॉय बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये काही विद्यार्थ्यांसमोर ताजी बिस्किटे ठेवून त्यांना फक्त मुळा खायला लावला, तेव्हा त्यांनी पुढे दिलेले कोडे लवकर सोडून दिले. यावरून इच्छाशक्ती वापरल्याने खर्च होते, असा निष्कर्ष निघाला. श्रावणात बांगड्यावाचून राहणाऱ्या माणसाला याहून भक्कम आधार कोणता हवा? परंतु २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर माणसांवर याच कल्पनेची फेरतपासणी केली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. माझ्या थकव्याचा अठरा वर्षांचा शास्त्रीय आधार असा एका फटक्यात गेला.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आंतरिक प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: आपला निर्णय आपण घेतल्याची भावना, काम जमते असा विश्वास आणि माणसांशी नाते. पैकी निर्णय आमच्या घरी कोण घेते, हे वर आलेच आहे. काम जमण्याविषयी माझे शिडीवरचे पाय मला वेगळेच सांगत होते. राहिले नाते. पलीकडच्या घरातला माझा चुलतभाऊ त्याच सुमारास आपल्या अंगणात स्वतःची चौकट उन्हाच्या एका तिरपीत वाळत घालून, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शीळ घालू लागला. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत भाग घेण्याचा त्याचा विचार असल्याचे वहिनींनी कुंपणावरून कळवले. डेसी आणि रायन यांना अभिप्रेत असलेले नाते हे नव्हे, याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु मी शिडी लावली, हेही खरे.

आधी काम करावे, मनाची उभारी मागाहून येते, असे मानणारी एक उपचारपद्धती १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. तिची मला पहिली पट्टी पुसेपर्यंत मुळीच खात्री नव्हती. पहिली पट्टी रागाने पुसली, दुसरी सवयीने, आणि तिसरीवर वडिलांनी केवणीच्या दोराने पाडलेली खाच सापडली तेव्हा मी फडके बदलून आणले, जुना दात घासायचा ब्रश शोधला आणि खाचेतली माती उकरू लागलो. आतून काही आले की नाही, ते पाहायला मला सवड झाली नाही. चौथी पट्टी मात्र हातात आली ती निम्मीच; उरलेली वाळवीने आधीच संपवली होती.

मेस्ताला, म्हणजे सुताराला, फोन केला. चवथीच्या तोंडावर तो मिळणे हेच भाग्य; पण त्याचा आवाज पडलेला होता. "मास्तर, करतो, पण आजकाल हात चालत नाही. आतून मूडच येत नाही." असा समानधर्मा भेटल्याच्या आनंदात मी त्याला सगळे शास्त्र ऐकवले. डेसींनी १९७१ मध्ये कोडी सोडवणाऱ्यांना पैसे देऊन पाहिले, तेव्हा पैसे बंद झाल्यावर त्यांची कोड्यांतली गोडी कमी झाली, हेही सविस्तर सांगितले. म्हणून आगाऊ रक्कम मागू नकोस, तुझी आतली प्रेरणा मरेल, असा कळकळीचा सल्ला दिला. मेस्ताने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"मरूं दी, मास्तर," तो म्हणाला, "अर्दे पयशे पयलीं दियात."