दहा डॉलरचा फरक

एका लेखात म्हटलंय की म्युच्युअल फंडांचे कमी खर्चाचे शेअर क्लास (एकाच फंडाचे वेगवेगळ्या खर्चाचे प्रकार) म्हणजे बड्या गुंतवणूकदारांची मिरासदारी. 2010 पर्यंत ते बरंचसं खरं होतं. व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीच्या ॲडमिरल शेअर्ससाठी, म्हणजे तिच्या कमी खर्चाच्या क्लाससाठी, तेव्हा किमान 1 लाख डॉलर लागायचे. नव्याने नोकरीला लागलेल्या आमच्यासारख्यांनी तिकडे बघायचंही नाही! मग इंडेक्स फंडांसाठी (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणारे फंड) ती अट 10 हजारांवर आली आणि 2018 मध्ये बहुतेक इंडेक्स फंडांसाठी 3 हजारांवर.

आणि फरक किती, तर त्यांच्या 500 इंडेक्स फंडात साध्या इन्व्हेस्टर शेअर्सचा वार्षिक खर्च तेव्हा 0.14 टक्के होता, ॲडमिरलचा 0.04. म्हणजे 10 हजार डॉलरवर वर्षाला 10 डॉलर. तेवढ्यासाठी, किमान रकमेची अट गाठायला, आमच्या एका मित्राने आणीबाणीसाठी ठेवलेले पैसेसुद्धा फंडात ओतले होते. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला. रक्कम कमी असेल तर तोच पोर्टफोलिओ ईटीएफच्या (शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड) रूपात मिळतो, तिथे किमान शिलकीची भानगडच नाही. फक्त पैसे काढताना एक बघा: शिल्लक अटीखाली गेली तर महागड्या क्लासमध्ये परत टाकण्याचा हक्क फंड कंपन्या प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, राखून ठेवतात.

भारतात सेबीने हे 2012 मध्येच निकालात काढलं. रकमेनुसार वेगळे प्लॅन बंद, आणि 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन (मधल्या एजंटचं कमिशन नसलेला, म्हणून स्वस्त) सगळ्यांना खुला. गावाकडचा माझा भाऊ 500 रुपयांच्या एसआयपीतही तोच घेतो, अट न विचारता.